तालमीच्या पाटीवर काय लिहायचं? (तालीम, आखाडा, डोजो, कळरी)

कातळसडा

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे एक तालीम आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत १८ फूट बाय २४ फूट जागा आणि मधोमध मातीचा हौद. वीसेक वर्षं तिला कुलूप होतं. यंदा मे महिन्यात चाकरमानी आणि गावकऱ्यांनी मिळून वर्गणी काढली, सडलेले वासे बदलले, कौलं परतली. मग हौद उकरायला घेतला. वरचा थर इतका घट्ट झाला होता की टिकाव उसळत होता. हातभर खाली गेलो आणि एकदम मऊ माती लागली. मुठीत घेतली तर एक खडा नाही. आमच्याकडे जमीन म्हणजे कातळ, विहीर खणायची तर सुरुंग लावावा लागतो. तिथे ही माती कुणीतरी खाडीपलीकडून पाट्यांनी वाहून आणली असणार, चाळून चाळून भरली असणार. मी बराच वेळ तशीच मूठ धरून उभा होतो.

आता प्रश्न असा. गावात कराटेचा वर्ग चालतो. तीसेक मुलं आहेत, त्यात निम्म्याहून जास्त मुली. आजवर ती शाळेच्या पडवीत शिकत होती, आता त्यांना ही जागा द्यायचं ठरतंय. तरुण मंडळी म्हणतात, पाटीवर ‘डोजो’ लिहा, कराटे शिकण्याच्या जागेला तोच शब्द आहे. जुनी माणसं म्हणतात, ही तालीम होती आणि तालीमच राहील. तिसऱ्या बाजूचं म्हणणं, ‘व्यायामशाळा’ लिहा, सरकारी अनुदानाच्या अर्जावर तोच शब्द असतो. त्यात सुतार म्हणतो की दरवाजा जेमतेम साडेचार फुटांचा आहे, सगळ्यांची डोकी आपटतात, चौकट वाढवून घ्या.

मला इथे मतदान नको आहे. हे शब्द कुठून आले, त्यांचा मूळ अर्थ काय, या जागा पहिल्यांदा कशासाठी बांधल्या गेल्या, हे जाणकारांनी सांगावं. पाटी एकदा रंगवली की पन्नास वर्षं राहते.

सुरंगी

फार चांगला धागा. डोजोबद्दल मी लिहिते, कारण बौद्ध वाङ्मय हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

‘डोजो’ परका वाटतो, पण तो आपल्याकडच्याच एका शब्दाचा अनुवाद आहे. जपानीत ‘दो’ म्हणजे मार्ग आणि ‘जो’ म्हणजे जागा. ही दोन अक्षरं चीनमधून आली, तिथे त्यांचा उच्चार ‘दाओछांग’. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना ‘बोधिमण्ड’ या संस्कृत शब्दासाठी ती जोडी वापरली गेली. बोधिमण्ड म्हणजे बोधगयेला पिंपळाखाली सिद्धार्थ गौतम ज्या जागी बसला आणि बुद्ध होऊन उठला, ती नेमकी जागा. तीच अक्षरं कोरियात ‘दोजांग’ अशी वाचतात, तायक्वांदोची मुलं तोच शब्द वापरतात.

यातला ‘मण्ड’ मला विशेष आवडतो. मंड म्हणजे एखाद्या गोष्टीचं सार, वर येणारा उत्तम भाग. आयुर्वेदात भात शिजवल्यावरच्या पातळ निवळीला मंड म्हणतात. आपण कोकणात आजाऱ्याला पेजेवरची निवळ देतो, तीच. म्हणजे बोधिमण्ड ही बोधाची निवळ जिथे वर आली ती जागा. तिथून निघालेला शब्द चीन आणि जपान फिरून दापोलीच्या पाटीपर्यंत येऊन पोचला आहे.

जपानमध्ये हा शब्द आधी देवळातल्या साधनेच्या दालनासाठी होता. शस्त्रविद्येच्या जागेला तो नंतर चिकटला. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योमधल्या एइशोजी या बौद्ध मंदिरातच कोदोकान सुरू केलं. शिष्य ९ आणि जागा १२ तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम २०० चौरस फूट. तुमची तालीम याच्या दुप्पट आहे, दादा! आपटण्यांनी देवळाची जमीन खचायची आणि कानो रात्री कंदील घेऊन फळ्यांखाली शिरून ती दुरुस्त करायचे, असं सांगतात.

त्याच १८८२ साली इकडे आपल्या उत्तर कोकणात भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण एकाच वर्षात घडल्या हे कळल्यापासून मी त्या विसरू शकलेले नाही.

आणखी एक. तुमच्याच तालुक्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. आधी बौद्ध, पुढे नाथपंथीयांचीही. नदीकाठी डोंगराच्या पोटात कोरलेल्या त्या खोल्या बसून साधना करण्यासाठीच होत्या. ‘दाओछांग’चा जो पहिला अर्थ आहे, त्या अर्थाच्या जागा तुमच्यापासून एका सकाळच्या अंतरावर आहेत.

कातळसडा

सुरंगीताई, पन्हाळेकाजीला शाळेच्या सहलीतून गेलो होतो. तिथे असं काही आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुन्हा जाईन.

रातांबा

मी रत्नागिरीत चौदा वर्षं कराटे शिकवते, म्हणून आतून लिहिते.

डोजोत शिरताना आणि बाहेर पडताना वाकून नमस्कार करतात. समोरची मानाची भिंत म्हणजे शोमेन, गुरूची वरची बाजू कामिझा, शिष्यांची खालची बाजू शिमोझा. वर्गाच्या आधी आणि नंतर मुलंच जमीन पुसतात. नवीन पालक कधीकधी रागावतात की फी भरून वर झाडू कशाला मारायचा. मी त्यांना एक दिवस बसून बघायला सांगते. ज्या मुलाने फरशी स्वतः पुसली आहे, ते तिच्यावर चपला घालून चालत नाही आणि दुसऱ्यालाही चालू देत नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. जपानीत सरावाला ‘केइको’ म्हणतात. त्या अक्षरांचा मूळ अर्थ आहे जुन्याचा विचार करणे. तो शब्द फक्त मारामारीच्या विद्येचा नाही. नो नाटकाचा सराव तोही केइको, चहाविधी शिकणं तेही केइको. हे वाचलं तेव्हा मला आपला ‘तालीम’ आठवला. कुस्तीची तालीम आणि नाटकाची तालीम! शाळेत असताना हा एकच शब्द दोन्हीकडे कसा, याचं मला कोडं पडायचं.

तळकोकणी

रातांबा, अगदी मनातलं लिहिलंस. आमच्याकडे सावंतवाडी-कुडाळ भागात तालीम म्हटली की आधी दशावतार डोळ्यांसमोर येतो. पावसाळा संपत आला की ‘तालीम कधी धरूची?’ हा प्रश्न वाडीत फिरू लागतो. माझे आजोबा दशावतारात राक्षस व्हायचे. युद्धाच्या प्रवेशाची पावलं ते देवळाच्या मांडावर, म्हणजे समोरच्या मोकळ्या जागेत घटवत, आणि तलवार लाकडाची असली तरी मनगट खरंच फिरायचं. पट्टा फिरवणारा माणूस आणि संकासूर नाचवणारा माणूस आमच्या गावात एकच होता. त्यामुळे या दोन तालमी वेगळ्या आहेत असं मला कधी वाटलंच नाही.

तालीम हा शब्द अरबी आहे. इल्म म्हणजे ज्ञान, त्यावरून तालीम म्हणजे शिकवणं. मराठीने शिकवण्याच्या क्रियेचं नाव थेट त्या खोलीला देऊन टाकलं.

होडीवाला

मी तीस वर्षं व्यापारी जहाजावर होतो. इराणच्या बंदरांत बऱ्याचदा जाणं झालं. एकदा तिथला एक सहकारी मला ‘जुरखाने’ बघायला घेऊन गेला, आणि आत पाऊल टाकल्यावर मला आमच्या आळीतल्या तालमीत आल्यासारखं वाटलं.

जुर म्हणजे आपला जोर, खाने म्हणजे घर. मधोमध जमिनीपेक्षा खाली गेलेला, जवळपास कमरेइतका खोल अष्टकोनी हौद. त्याला ते ‘गोद’ म्हणतात. कडेला उंचावर बसून मोर्शेद नावाचा माणूस ढोल वाजवत कविता म्हणतो आणि त्या तालावर पैलवान लाकडी मुद्गल फिरवतात, जोर काढतात. हौदात उतरताना वाकून जमिनीला बोटं लावायची आणि ती ओठांना लावायची. आमच्याकडे मातीला हात लावून कपाळाला लावतात. फरक एवढाच.

आणि आता सुताराबद्दल. जुन्या जुरखान्यांचा दरवाजा मुद्दाम बुटका ठेवतात. आत येणारा कितीही मोठा असो, त्याने वाकूनच यायचं. तुमची साडेचार फुटांची चौकट बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. पण तिला करवत लावण्याआधी विचार करा एवढं सांगतो.

आपल्या तालमीतले शब्द पुन्हा एकदा मोजून बघा. पैलवान फारसी, कुस्ती फारसी, जोर फारसी, खुराक फारसी, वस्ताद हा फारसीतला उस्ताद. हौद अरबी. लंगोट आणि दंड आपले. फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा होती आणि दाभोळ, चौल ही त्या दरबारांची बंदरं. आखाती देशांतले घोडे इथेच उतरत. घोड्याबरोबर माणूस येतो आणि माणसाबरोबर त्याचा शब्द. दाभोळच्या खाडीवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

सुरंगी

होडीवालाकाका, किती छान. मग आखाड्याचंही सांगून टाकते, कारण तो संस्कृतातून आला आहे.

मूळ शब्द ‘अक्षवाट’. अक्ष म्हणजे फासे, वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. द्यूत खेळण्याची जागा आणि कुस्तीचं रिंगण या दोन्ही अर्थांनी तो सापडतो. प्राकृतात ‘अक्खाड’ आणि मराठीत आखाडा. यातल्या ‘वाट’वरूनच आपले वाडा आणि वाडी आले. म्हणजे भंडारवाडी, ब्राह्मणवाडी, सुतारवाडी म्हणताना आपण जो तुकडा उच्चारतो, तोच आखाड्याच्या शेपटीला आहे.

पुढे साधूंच्या संघटनांनाही आखाडा म्हणू लागले. जुना आखाडा, निरंजनी आखाडा ही नावं कुंभमेळ्यामुळे सगळ्यांना माहीत असतात. त्यांतले नागा साधू शस्त्रधारी होते. आता हे दोन प्रवास शेजारी ठेवून बघा. आखाडा रिंगणातून निघाला आणि मठात गेला. डोजो मठातून निघाला आणि रिंगणात आला. उलट दिशांनी निघालेले हे शब्द मध्ये कुठेतरी एकमेकांना भेटून गेले असं मला वाटतं, कारण दोन्हीकडे माणूस रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, अंग आणि मन एकत्र कामाला लावत होता.

माडाखाली

नोकरीमुळे कण्णूरला आहे. मूळ गुहागरचा. कळरीबद्दल लिहितो.

कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला, आणि तिच्या सरावाची पारंपरिक कळरी म्हणजे जमिनीत खणलेला खड्डाच. लांबी ४२ फूट, रुंदी २१ फूट, खोली साधारण साडेतीन ते चार फूट. वर नारळीच्या झापांचं उतरतं छप्पर. दार पूर्वेला. नैऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांचा अर्धगोल चौथरा, त्याला पुत्तरा म्हणतात, तिथे देवीची पूजा. उजवा पाय आधी टाकून आत उतरायचं, जमिनीला हात लावायचा, पुत्तऱ्याला आणि गुरूला नमस्कार करायचा, मग सराव. खाली खणल्यामुळे आत गारवा राहतो आणि वारा लागत नाही. तेल लावलेल्या, घामेजलेल्या अंगाला वारा लागू नये हा त्यामागचा विचार.

शब्दाबद्दल दोन मतं मी इथे ऐकतो. एक, संस्कृत ‘खलूरिका’, म्हणजे शस्त्रांच्या सरावाची जागा. दुसरं, तमिळ-मल्याळम ‘कळम’. या कळमचे अर्थ बघा, मोकळी जागा, मळणीची जागा, रणभूमी. मला तर हे ऐकल्यावर आपलं खळंच दिसलं. भात झोडायचं, शेणाने सारवलेलं खळं. आमच्या वाडीत शिमग्याआधी लाठीकाठीचा सराव खळ्यातच व्हायचा, कारण तेवढी सपाट, खडा नसलेली जागा दुसरी नव्हतीच. पीक निघालं की खळं रिकामं, मग तिथे पोरं काठ्या फिरवणार.

आणखी एक गोष्ट कोकणाने घ्यावी अशी आहे. आपल्याकडे पाऊस लागला की तालीम बंद. इथे उलट, पावसाळा हाच कळरीचा मोसम. कर्किडकम महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, हवा थंड असते तेव्हा तेलाचं मर्दन आणि सराव जोरात चालतो. पाऊस आपला आणि त्यांचा सारखाच आहे.

जुना खेळगडी

मी ७४ वर्षांचा आहे. नातीने हा धागा वाचून दाखवला आणि मी सांगतोय ते तीच टंकते आहे.

आमच्या वेळी तालमीत मुलींना उंबरा ओलांडू देत नसत. मारुती ब्रह्मचारी, वर सगळे लंगोटावर. लहान बहीण निरोप घेऊन आली तरी बाहेरून हाक मारायची. ते बरोबर होतं असं मला आता वाटत नाही. माझी बहीण माझ्यापेक्षा जोरकस होती, भाताचा भारा एका झटक्यात डोक्यावर घ्यायची. तिला कुणी आत बोलावलं नाही. आज मुली येणार असतील तर मला आनंद आहे.

पण एक मागणं आहे. हौद बुजवू नका. लादी घालू नका. एका गावात माझ्या डोळ्यांदेखत हौदावर काँक्रीट ओतलं, वर लोखंडी यंत्रं ठेवली आणि दोन पावसाळ्यांत ती यंत्रं गंजली. खारी हवा आहे आपली. माती असती तर फावड्याने वर-खाली केली की पुन्हा नवी झाली असती.

रातांबा

काका, नमस्कार करते. हौद बुजवावा असं मला तर मुळीच वाटत नाही.

कराटेला सपाट जागा लागते हे खरं. पण पडायला शिकवायला मातीसारखी जागा नाही. मी सिमेंटवर पातळ मॅट टाकून शिकवते. मुलं पहिले सहा महिने पडायलाच घाबरतात, मान आखडून घेतात. एकदा अलिबागकडच्या एका तालमीत शिबिराला गेलो होतो. अकरा वर्षांची एक मुलगी वर्गात कधीच मागे पडायची नाही, गुडघे धरून बसायची. मातीत उतरल्यावर तिने आधी पायाच्या अंगठ्याने माती उकरून बघितली. मग हळूच मागे पडली. उठली, पाठ झटकली, पुन्हा पडली. सात-आठ वेळा एकटीच पडत होती, आम्ही सगळे बघत होतो.

कातळसडादादा, तुमच्याकडे देवळासमोर मांड असेलच. उभ्याचा सराव तिथे घ्या, पडण्याचा हौदात. आणि जागा असेल तर एक दोरीचा मल्लखांब टांगा. मुली त्यावर सुंदर काम करतात.

मल्लखांबाबद्दल एक सांगायचं राहिलं. तो मुळात मल्लाचा खांब, कुस्तीगीराने अंग तयार करण्यासाठी. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. म्हणजे आज मुलं जो स्वतंत्र खेळ म्हणून खेळतात, तो तालमीच्या एका कोपऱ्यातल्या खांबातून निघाला.

माडाखाली

दोरीच्या मल्लखांबाला +१. नवीन वासा घातलाच आहे तर आत्ताच त्याला आकडा बसवून घ्या, नंतर कौलं काढावी लागतील.

कातळसडा

सगळ्यांचे आभार मानतो. धागा छापून काढला आणि काल रात्री देवळात बैठकीत वाचून दाखवला. होडीवालाकाकांचा प्रतिसाद वाचल्यावर सुतार स्वतःच म्हणाला की चौकट राहू दे, मी फक्त वरची फळी गुळगुळीत करून देतो म्हणजे डोक्याला लागणार नाही.

पाटीवर ‘तालीम’ लिहायचं ठरलं. तरुण पोरांचा आग्रह रातांबाताईंचा केइकोचा प्रतिसाद वाचल्यावर ओसरला. एक मुलगी म्हणाली, शिकवणं हाच अर्थ असेल तर त्यात कराटेही आलं आणि शिमग्याची काठीही आली. ‘डोजो’ आम्ही पुसून टाकलेला नाही. आतल्या मानाच्या भिंतीवर, मारुतीच्या कोनाड्याशेजारी, वर्गाची मुलं आपल्या हाताने बोधिमण्ड आणि डोजो हे दोन्ही शब्द देवनागरीत लिहिणार आहेत. अनुदानाच्या अर्जात ‘व्यायामशाळा’ भरू, कागदाला कागदाचा शब्द.

एकच अडचण उरली. उकरलेली जुनी माती चाळून पुन्हा भरायची आहे, पण तिच्यात काय आणि किती घालायचं हे गावात कुणाला नीट आठवत नाही.

जुना खेळगडी

लिहून घ्या. आधी माती तीन दिवस उन्हात पसरा, रोज वर-खाली करा. बारीक चाळणीने चाळा, तांदळाची चालेल. मग ताक शिंपडायचं. आंबट हवं, पातळ हवं. चिखल होऊ द्यायचा नाही, मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा इतकंच. हळद सढळ हाताने. तेल बाकीकडे वेगळं घालतात, आम्ही घरचं खोबरेल घालायचो. लिंबं पिळायची. कापूर कुस्करून शेवटी, नाहीतर उडून जातो. सगळं झालं की एक दिवस कुणी आत जायचं नाही, फक्त दिवा लावायचा.

दर आठवड्याला फावड्याने उकरत राहा. ते काम वस्तादाने दुसऱ्याला सांगायचं नसतं, पहिला घाव त्याने घालायचा.

कातळसडा

काका, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला माती पसरतो आहोत. तुम्ही आणि तुमची नात याल का? गाडी पाठवतो.

जुना खेळगडी

येतो. गाडी नको, एसटीने स्टॅंडवर उतरतो, तिथून पोरांपैकी कुणाला तरी पाठवा. नात विचारते आहे, तिने चाळणी आणायची का.